सतरा नंबरचं पिंप आणि आत्याचं कपाट

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वखारीतल्या मुख्य चाखणाऱ्याने सतरा नंबरच्या पिंपातली वाइन तोंडात घेतली, वीस सेकंद घोळवली, गिळली आणि म्हणाला, "आत्याचं कपाट."

नोंदणीबाईंनी ते शाईने लिहून घेतलं.

खोलीत त्या वेळी चार माणसं होती. मुख्य चाखणारा साठ वर्षांचा होता आणि त्याच संध्याकाळी सहा वाजता निवृत्त होणार होता. त्याच्या डाव्या हाताला धाकटी चाखणारी. ती रसायनशास्त्र शिकून आली होती, नोकरीला चार वर्षं झाली होती, पण सगळे तिला धाकटीच म्हणत. उजव्या हाताला पिंपवाला. पिंपं बांधायची, गळकी दुरुस्त करायची हे त्याचं काम, आणि शरीरानेही तो आपल्या मालाच्या जवळपास गेलेला. ज्याने लाकूड वाकवलं त्याचंही मत घ्यायचं अशी वखारीची जुनी रीत होती. चौथ्या नोंदणीबाई. त्या चाखत नसत, फक्त लिहीत. वखारीच्या शाईचं एकच पेन होतं आणि ते त्यांच्याकडे असे.

सतरा नंबरच्या पिंपात गोड, मुरलेली वाइन होती. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात ब्रँडी ओततात. आंबणं अर्ध्यावर थांबतं, साखर तशीच राहते आणि जोर वाढतो. मग ती लाकडात ठेवून विसरून जायची. हे पिंप चाखणाऱ्याने नोकरीच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने भरलं होतं, छत्तीस वर्षांपूर्वी. दर वर्षी थोडी उडून जात जात आता ते निम्म्यावर आलं होतं.

संध्याकाळी सहापर्यंत नोंदवहीतलं चवीचं कार्ड तिघांच्या सह्यांनी पूर्ण झालं, तर सतरा नंबर वेगळा बाटल्यांत भरला जाणार होता, स्वतःच्या नावाने. नाही झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठ्या टाकीत चाळीस पिंपांबरोबर ओतला जाणार होता. त्या टाकीतून निघते ती वाइन बरी असते. बरी, एवढंच. निरोपाला भाषण नको आणि भिंतीवरचं घड्याळही नको, असं चाखणाऱ्याने आठवड्यापूर्वीच कळवून टाकलं होतं. त्याला फक्त सतरा नंबर टाकीत जायला नको होता.

अडचण कार्डाच्या नियमात होती. पूर्वीच्या एका चाखणाऱ्याने एका वाइनपुढे 'पहिल्या प्रेमासारखी' असं लिहिलं होतं. त्यावर तीन गिऱ्हाइकांची पत्रं आली की आमचं असं नव्हतं. तेव्हापासून नियम झाला: उपमा वस्तूचीच द्यायची, ती तिघांनीही हुंगलेली हवी, ज्याने हुंगली नसेल त्याने कामाच्या वेळेत जाऊन हुंगून यावी आणि मगच सही करावी. शिवाय तोंडातून निघालेला पहिला शब्द शाईने लिहायचा आणि तो मागे घेता येत नाही. खोलीतल्या फळीवर अंजीर, अक्रोड, पेन्सिलीचा भुसा, मेणबत्ती आणि खोगिराचा तुकडा अशा बरण्या त्यासाठीच होत्या. एकदा नव्या तळव्याचा वास घ्यायला सगळी समिती बूट शिवणाऱ्याच्या दुकानात रांगेने उभी राहिली होती. त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नव्हतं.

आत्याचं कपाट फळीवर नव्हतं.

धाकटीने आणि पिंपवाल्याने आपापले प्याले उचलले. एरवी चाखणारी माणसं घोट थुंकतात. दिवसाला तीस पिंपं चाखायची तर दुसरा इलाज नाही. पण त्या दिवशी चाखणाऱ्याने पिकदाणी खोलीबाहेर ठेवली होती. सतरा नंबर थुंकायचा नाही, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. वर्षानुवर्षं वाइनमध्ये काढून तिघांनाही पिण्याची सवय अजिबात नव्हती.

रंग घासलेल्या पितळेचा. पहिला घोट जिभेवर मधासारखा पसरला, मग मध सरला आणि भाजलेल्या अक्रोडाचा कडवटपणा आला, आणि दोघांनी गिळून झाल्यावरही काहीतरी घशात मागे बसून राहिलं, पाहुणे गेल्यावर खुर्चीत उरलेल्या उबेसारखं. पिंपवाल्याने डोळे मिटले. धाकटीने वहीत तीन ओळी लिहिल्या आणि खोडल्या.

"सर, अक्रोड का नाही म्हणालात?" तिने विचारलं. "फळीवर होता."

"अक्रोड आहेच. सगळ्यांतच असतो. माणसाचं वर्णन करताना त्याला नाक आहे म्हणून कुणी सांगतं का?"

"पण म्हणाला असतात तर आत्ता सह्या झाल्या असत्या."

"आत्याबाईला मिशा असत्या तर," पिंपवाला डोळे न उघडता म्हणाला, "काका म्हटलं असतं."

आत्या दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. वय चौऱ्याऐंशी. दुपारी तीनपर्यंत त्या झोपत आणि त्याआधी त्यांची घंटा वाजवायची हिंमत घरातल्या कुणीही चाळीस वर्षांत केली नव्हती. तोपर्यंत नोंदणीबाईंनी नोंदवही बाहेर न्यायची परवानगी काढली, नमुन्याच्या बाटलीला लाख लावली आणि चार प्याले टॉवेलात गुंडाळले.

तीन वाजून पंधरा मिनिटांनी दार उघडलं. आत्यांनी चौघांकडे पाहिलं, मग भाच्याकडे.

"काय रे ठोंब्या, नोकरी गेली का?"

धाकटीने चार वर्षांत मुख्य चाखणाऱ्याला कुणी 'अरे' म्हटलेलंही ऐकलं नव्हतं. तिने बुटांच्या नाड्या सोडायला बराच वेळ घेतला.

चाखणाऱ्याने येण्याचं कारण सांगितलं. सातव्या वर्षी लपंडाव खेळताना तो आत्याच्या कपड्यांच्या कपाटात लपला होता. शोधणारा कंटाळून जेवायला गेला. हा आत डबाभर सुके अलुबुखार खाऊन झोपी गेला आणि तीन तासांनी सापडला. त्यानंतर आत्याने कपाटाला कुलूप घातलं ते आजतागायत. त्या कपाटाचा जो वास होता तोच सतरा नंबरला आहे, एवढं त्याने शांतपणे मांडलं. आत्यांनी मात्र निराळं ऐकलं.

"म्हणजे माझ्या कपाटाला वास येतो," त्या म्हणाल्या, "असं तू चार लोकांत सांगितलंस. आणि या बाईंनी ते लिहून घेतलं."

"शाईने," नोंदणीबाई म्हणाल्या.

पुढचा पाऊण तास आत्या बोलल्या. त्यात कपाट दर महिन्याला पुसलं जातं हे आलं, आतोबांना जाऊन बावीस वर्षं झाली तरी त्यांच्याही खणात कधी कसर लागली नाही हे आलं, आणि भाच्याने लहानपणापासून हात दाखवून अवलक्षण करून घेतल्याची चार उदाहरणं आली. झाकली मूठ झाकलेलीच बरी, किल्ली मिळणार नाही, असा समारोप झाला. चाखणारा खाली मान घालून ऐकत होता. घड्याळात चार वाजून गेले होते.

वाद मिटवला पिंपवाल्याने. आधी आत्यांनी वाइन घेऊन तर बघावी, आपल्या कपाटाचा अपमान झालाय की कौतुक हे तरी कळेल, असं तो म्हणाला. आत्यांनी औषधाचा चमचा आणला आणि एक चमचा घेतला. मग चमचा बाजूला ठेवून चहाचा कप आणला. त्यांनी ना प्याला फिरवला, ना उजेडात धरला, ना नाक खुपसलं. त्या नुसत्या हळूहळू पीत राहिल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"यांचा कोट," त्या शेवटी म्हणाल्या. "खिशात संत्र्याच्या साली ठेवायचे. सांगून सांगून थकले मी." आणि कप पुढे केला. "हे माझंच कपाट आहे. घाला अजून थोडी."

चाखणाऱ्याने नोंदणीबाईंकडे पाहिलं. आत्या समितीवर नाहीत, असं नोंदणीबाईंनी स्पष्ट केलं.

किल्ली मिळाली ती एका अटीवर. कार्डावर नुसतं 'आत्याचं कपाट' चालणार नाही, 'आत्याचं स्वच्छ कपाट' असं हवं. नोंदणीबाईंनी त्याला हरकत घेतली. स्वच्छ ही चव नव्हे, आणि पहिल्या शब्दात भर घालता येत नाही. वीस मिनिटांच्या वाटाघाटीनंतर कपाट स्वच्छ असल्याचा उल्लेख शेऱ्याच्या रकान्यात, स्वतंत्र ओळीवर करायचं ठरलं. आत्यांनी तो शेरा चष्मा लावून दोनदा वाचला.

चार पन्नासला कपाटाचं सरकतं दार उघडलं. चाखणारा पुढे वाकला आणि त्याचा चेहरा उतरला. वास डांबरगोळ्यांचा होता. नुसत्या डांबरगोळ्यांचा. धाकटीने हुंगलं, पिंपवाल्याने हुंगलं, दोघांनी माना हलवल्या.

"डांबरगोळ्यांवर मी सही नाही करणार," धाकटी म्हणाली. "माफ करा, सर."

"करूही नकोस," तो म्हणाला. छत्तीस वर्षांत त्याने एकही खोटा शब्द कार्डावर लिहू दिला नव्हता. तो कॉटच्या कडेवर बसला आणि हातातला प्याला त्याने खाली ठेवला.

धाकटी मात्र कपाटासमोरच उभी होती. तीन प्याले तिच्या पोटात होते आणि डोकं, तिच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार, कधी नव्हे इतकं स्वच्छ चाललं होतं.

"सर, तुम्ही हुंगलंत तेव्हा दार लावलेलं होतं ना?"

पाच वाजून दोन मिनिटांनी धाकटी कोटांच्या रांगेखाली मांडी घालून बसली आणि आत्यांनी दार लावलं. चार मिनिटं आतून काहीच आलं नाही. मग दोन ठोके पडले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत एक हँगर अडकला होता.

"आधी डांबरगोळ्या," ती म्हणाली. "मग नाक त्यांना कंटाळतं. मग जुनं लाकूड, संत्र्याची साल, सुकं फळ. आणि मग असं वाटतं की शेजारच्या खोलीत कुणीतरी आपल्याला शोधतंय, आणि सापडायची काही घाई नाही."

"शेवटचं लिहिता येणार नाही," नोंदणीबाई म्हणाल्या.

"नका लिहू. कपाटच बरोबर आहे." तिने दुसऱ्या चौकटीत सही केली. चाखणाऱ्याने आपला प्याला पुन्हा उचलला.

उरला पिंपवाला. पाच पंचवीसला तो आत शिरू लागला; शिरण्याचं काम नऊ मिनिटं चाललं. आधी खालचा खण काढला, मग त्याच्या कमरेचा पट्टा काढला, मग आत्या आणि नोंदणीबाईंनी मिळून दार ढकललं. तुलना करायला म्हणून तो भरलेला प्याला घेऊन गेला होता.

पाच चाळीसला आतून आवाज आला, "डांबरगोळ्या."

"थांब जरा," चाखणारा दाराला तोंड लावून म्हणाला. "कंटाळा येऊ दे त्यांचा."

पाच शेहेचाळीसला आतून "हं" असं ऐकू आलं. हे 'हं' होकाराचं की नुसतं, यावर बाहेर मतभेद झाले. पाच पन्नासला घोरणं सुरू झालं.

आत्यांनी किल्ली फिरवली. दार वीतभर सरकलं आणि अडलं. आतून पिंपवाल्याचे गुडघे दाराला घट्ट टेकले होते. चाखणाऱ्याने हाक मारली, मग कपाटाच्या पाठीवर बोटांनी टकटक केली, पिंप किती भरलंय ते बघायला पिंपवाला करतो तशी. घोरणं थोडं वर गेलं, एवढंच.

आत्यांचं म्हणणं पडलं की हीच सही समजावी. ठोंब्याही असाच झोपला होता. वास मनापासून पटल्याशिवाय त्यात कुणाला झोप लागत नाही. धाकटीने दुजोरा दिला. नोंदणीबाईंनी नियमांची पानं शेवटपर्यंत उलटली. झोपेबद्दल त्यात काही नव्हतं. सही मात्र हाताने, वखारीच्या पेनाने व्हायला हवी होती. चाखणाऱ्याने एक हात कपाटाच्या दारावर ठेवला होता, पिंपावर ठेवतात तसा.

पाच अठ्ठावन्नला घोरणं थांबलं आणि फटीतून एक हात बाहेर आला. हातात रिकामा प्याला होता.

चाखणाऱ्याने प्याला काढून घेतला. नोंदणीबाईंनी त्या हातात पेन ठेवलं आणि नोंदवही उघडून पुढे धरली. बोटांनी पेन चाचपलं, त्याच्याभोवती मिटली, आणि हात पेनासकट आत गेला.

सहाला एक मिनिट कमी होतं. नोंदवही बाहेर होती आणि पेन आत.