पवित्र पाणी प्यालेली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुना बॅटरी चार्जर आहे, आणि माझी खोड सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला थांबता येत नाही. बॅटरी भरली की आपोआप बंद व्हायचे, ही कला मला कुणी शिकवलीच नाही. बटण फिरवून मला सुरू करावे लागते, काटा बघत माझ्याजवळ बसावे लागते आणि वेळ झाली की मला गप्प करावे लागते. कुणी लक्ष दिले नाही तर मी इमानेइतबारे भरतच राहतो, मग बॅटरी उकळून वाया का जाईना! तुम्ही याला मूर्खपणा म्हणाल. मी शिस्त म्हणतो, कारण माझा जन्मच लष्करासाठी झाला.

महायुद्ध चालू असताना मुंबईच्या एका कारखान्यात मला घडवले. लोखंडी पेटी, तिला शेवाळी रंग, समोर काचेखाली एक काटा, त्याखाली आकडे लिहिलेले बटण, आणि लाल व काळा चिमटा लावलेल्या दोन तारा. तारेतून येणारी वीज उलटसुलट धावते. माझ्या पोटातल्या पट्ट्या तिला एकाच दिशेने चालायला लावतात, तेव्हा कुठे ती बॅटरीत शिरते. हे काम सोपे नाही. शाळा सुटताना मुलांची रांग लावणाऱ्या तुमच्या गुरुजींना विचारा.

छावणीत मी जीपगाड्यांच्या आणि मोटारसायकलींच्या बॅटऱ्या भरल्या. मग युद्ध संपले आणि एका दिवसात मी निकामी सामान झालो. फुटके कंदील, एका पायाचे बूट आणि चेपलेली डबडी यांच्या ढिगात मला टाकले. लष्कराचे नको असलेले सामान विकणाऱ्या त्या डिस्पोजलच्या लिलावाला माणिकपूरचा बॅप्टिस्ट मिस्त्री मोटारसायकल घ्यायला आला होता. ती दुसऱ्याच कुणी पटकावली. रिकाम्या हाताने घरी कसे जायचे, म्हणून त्याने मला उचलले. अशी माझी निवड झाली, पण मी वाईट वाटून घेतले नाही.

बॅप्टिस्टचे दुकान वसई रोड स्टेशनाजवळ होते. तिथे वीज आली होती. आसपासच्या वाड्यांत अजून कंदीलच होते, त्यामुळे माझा भाव वधारला. डॉक्टरांच्या छोट्या मोटारीची, कंत्राटदाराच्या फटफटीची, बागाईतदारांच्या रेडिओची, अशा कितीतरी बॅटऱ्या माझ्यापुढे येऊन बसत. बॅप्टिस्ट माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणे, "भर रे सायबा!" आणि मी गुणगुणायला लागे. माझ्याशेजारी स्टुलावर त्याची आई मॅग्डलीन बसे. लाल चौकड्यांचे लुगडे, हातात जपमाळ आणि नजर रस्त्यावर. तिला सगळे आय म्हणत. तिचे माझ्याशी फारसे जमत नसे, कारण माझ्या गुणगुणण्याने तिचा जप चुकायचा.

आमच्या गिऱ्हाइकांत जवळच्या सांडोर गावची अनसूया मला सगळ्यांत आवडे. तिचा नवरा शरदचंद्र मुंबईला कचेरीत नोकरीला होता, तो शनिवारी यायचा. केळी आणि पानवेली यांची बाग तीच सांभाळायची. रहाटाचा बैल म्हातारा झाला तेव्हा तिने हट्टाने डिस्पोजलचे पाणी खेचायचे इंजिन आणवले. त्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागे. बॅटरी मेली की इंजिन म्हणजे नुसते लोखंड. सासरे काशिनाथअण्णा यांना हे मुळीच पसंत नव्हते. "बाईमाणसाच्या हाती इंजिन! एकदा जरी वेली सुकल्या, तर बाग खंडाने देईन आणि तू जा नवऱ्याकडे मुंबईच्या खोलीत," असे त्यांनी बजावले होते. अण्णा बोलले की बोलले. आणि अनसूयेला मुंबईची खोली नको होती, तिला बाग हवी होती.

वैशाखात एका सकाळी ती टांग्यातून बॅटरी घेऊन आली. पानवेल फार नाजूक. उन्हाळ्यात तिला रोज पाणी हवे.

"बॅप्टिस्टभाऊ, संध्याकाळपर्यंत द्याल ना? आजचं पाणी राहिलंय. मामंजी सकाळपासून बागेत उभे आहेत, माझ्याकडे बघत."

"संध्याकाळी नेऊनच जा वहिनी, काय काळजी करू नका."

त्याने चिमटे लावले, बटण फिरवले, आणि नेमके तेव्हाच विरारहून बोलावणे आले. एका लग्नाची मोटार वाटेत अडली होती. बॅप्टिस्टने आईला समजावले, "आय, काटा खाली आला की बटन बंद कर. आनि बॅटरीतलं पानी कमी दिसलं तर त्या बाटलीतलं घाल. एकदम शुद्ध पानी लागतं तिला, दुसरं चालत नाय." आणि तो सायकलवर टांग मारून गेला.

आयने तिन्ही बुचे उघडून पाहिले. पाणी कमी होते. बाटली हलवली, ती रिकामी! विहिरीचे पाणी मचूळ, ते शुद्ध नाही हे तिला माहीत होते. सकाळी अनसूयेचा उतरलेला चेहराही तिने पाहिला होता. ती जरा वेळ विचारात पडली आणि मग लगबगीने घरात गेली. परत आली ती देव्हाऱ्याजवळची छोटी बाटली घेऊन. रविवारी देवळात फादरांनी आशीर्वाद दिलेले ते पवित्र पाणी होते. आजारी माणसाच्या कपाळाला लावायचे, नव्या घरात शिंपडायचे, ते पाणी. त्याहून शुद्ध पाणी साऱ्या वसईत कुठून आणायचे? आयने क्रुसाची खूण केली आणि तिन्ही खणांत थोडेथोडे ओतले. "ऊठ गो बाय, पोरीच्या वेली वाचव," ती बॅटरीला म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त भरता येते, म्हणून मी भरत राहिलो.

दुपार कलल्यावर बॅप्टिस्ट परतला आणि उंबऱ्यातच थबकला. विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीसारखा वास दुकानात कोंडला होता. त्याने झटकन माझे बटण बंद केले.

"आय, बाटली तर रिकामी होती. पानी कुठलं घातलंस?"

"देवळातलं," आय अभिमानाने म्हणाली.

बॅप्टिस्टने घाईघाईने चिमटे काढले. "अगो आय, त्या पान्यात फादर मीठ घालतात ना!"

"आशीर्वादाचं मीठ हाय ते."

"हाय गो. पन बॅटरीला मीठ म्हंजे विष."

आयच्या हातातली जपमाळ तशीच राहिली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. इतक्यात अनसूयेचा टांगा दाराशी थांबला. बॅप्टिस्ट कुजबुजला, "आय, तू गप रा. बॅटरी जुनी होती असं मी सांगतो." पण आय उठली, पुढे झाली आणि सगळे जसे घडले तसे तिनेच सांगितले. मला तिचा राग आला होता, तो त्याच क्षणी गेला.

 अनसूयेने आयला हात धरून स्टुलावर बसवले. "मावशी, माझ्या वेलींसाठी तुम्ही देवापुढचं पाणी दिलंत. मी रागावू कशी?" आणि बॅप्टिस्टकडे वळून म्हणाली, "पण आता काय करायचं ते सांगा. अजून एक-दोन दिवस मी बायका जमवून घागरींनी वेली जगवीन. त्यापुढे नाही."

बॅप्टिस्ट म्हणाला की आतले सगळे ओतून, बॅटरी शुद्ध पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन, नवे तेजाब, म्हणजे अॅसिड, घातले तर कदाचित वाचेल. तेजाब बरणीत होते. पण धुवायला इतके वाफेचे पाणी आणायचे कुठून? मुंबईहून येईपर्यंत वेली गेल्याच असत्या.

"वाफेचं पाणी?" अनसूयेने विचारले. "म्हणजे अर्क काढतात तसंच ना? सासूबाई बाळंतिणींसाठी ओव्याचा अर्क काढायच्या. ते तांब्याचं भांडं आहे माझ्याकडे, नळीसकट."

दुसऱ्या दिवशी उजाडताच भांडे आले. चिंचेने घासून लख्ख केले, दुकानामागे तीन दगडांची चूल मांडली आणि नळीतून थेंब थेंब पाणी पडू लागले. आता गंमत ऐका. तेव्हा दारूबंदी होती. अंगणात चूल, चुलीवर भांडे, भांड्याला नळी! धूर पाहून हवालदार दत्त म्हणून हजर झाला.

"काय गाळताय?"

"पानी," आय म्हणाली.

"सगळे असंच सांगतात." त्याने नळीखाली ओंजळ धरली, वास घेतला, जिभेला लावले आणि त्याचा चेहरा पडला. "हे तर पाणीच आहे!"

"मग काय, बॅटरीला दारू पाजू?"

तरी त्याचा संशय फिटला नाही. पुढे काहीतरी निघेलच, या आशेने तो तिथेच बसला आणि बसल्या बसल्या चुलीत लाकडेही सारत राहिला. सरकारी माणसाकडून इतके मनापासून काम झालेले मी पुन्हा पाहिले नाही.

बॅप्टिस्टने बॅटरी धुतली, पुन्हा धुतली, तेजाब भरले आणि मला जोडले. या वेळी बटण अगदी पहिल्या आकड्यावर ठेवले. आजाऱ्याला पेज चमच्याने भरवावी तसे सावकाश भरायचे होते. आय म्हणाली, "बसनार मीच." एक माळ पूर्ण झाली की ती डोळे उघडून काटा पाही, खणात डोकावे आणि पुन्हा माळ धरी. माझ्या गुणगुणण्याची तिने त्या दिवशी एकदाही तक्रार केली नाही. दुकान बंद होताना तिने मला थांबवले आणि सकाळी आल्याआल्या पुन्हा सुरू केले. त्या दुपारी काटा हळूहळू उतरला. बॅप्टिस्टने काचेची नळी बुडवून पाहिली. नळीतला छोटा तरंगता गोळा वर आला, म्हणजे बॅटरी भरली.

"उठली गो आय, बॅटरी उठली!"

ती बॅटरी मांडीवर घेऊन आय स्वतः टांग्यात बसली. मी दुकानातून हलू शकत नव्हतो, म्हणून पुढचे मला तिच्याच तोंडून कळले. बागेत बायका घागरी घेऊन दमल्या होत्या. वेलींची खालची पाने मलूल झाली होती, शेंडे मात्र अजून हिरवे होते. काशिनाथअण्णा बाग खंडाने घेणाऱ्या माणसाला बोलावूनच उभे होते. अनसूयेने तारा जोडल्या आणि इंजिनाची दोरी ओढली. पहिल्या ओढीला ते सुरू झाले नाही, दुसऱ्यालाही नाही. मग इंजिन खोकले, धडधडले आणि पाटात पाणी उड्या मारत आले.  अण्णांनी कुदळ घेतली आणि पाण्याला वाट करून द्यायला लागले. तो माणूस थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

आता सांडोरकडेही विजेचे खांब येत आहेत. विजेची मोटार बसली की इंजिन जाईल आणि बॅटरीही. आपोआप थांबणारे नवे चार्जर निघाल्याचेही ऐकतो. माझा रंग उडाला आहे, लाल चिमट्याचा दात पडला आहे, आणि हल्ली आठवडा आठवडा मला कुणी हात लावत नाही. पण मी सुखी आहे. माझ्याजवळ माणसे बसली, हे सुख सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही न बोलणारी कितीतरी यंत्रे असतील, झाडे असतील, जनावरे असतील. त्यांना काय हवे ते आधी विचारून घ्या, नुसत्या मायेने चालत नाही. आणि नुसत्या माहितीनेही चालत नाही, जवळ बसावे लागते. हे मला आयने शिकवले. आणि तिच्यानंतर आणखी एकाने.

त्या वैशाखानंतर बॅटरी पुन्हा उतरली तेव्हा टांग्यातून अनसूया उतरलीच नाही. धोतराचा सोगा सावरत, बॅटरी दोन्ही हातांनी छातीशी धरून, उतरले काशिनाथअण्णा. "सूनबाईंची आहे. नीट भरा," ते म्हणाले. मी गुणगुणायला लागलो. बॅप्टिस्टने त्यांना चहाला घरात बोलावले, तर अण्णा स्टूल माझ्याजवळ ओढून घेत म्हणाले, "चहा इकडेच आण. मी उठलो तर काटा कोण बघणार?"