आसमीनने मोजलेल्या गाठी

बाळांनो, डोळे मिटा आणि एक उंदीर डोळ्यांसमोर आणा. पांढराशुभ्र, आणि कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ. आपण त्या गाठीला मशीनच्या किरणांचा शेक दिला. आता ती लहान झाली की नाही, हे कसं ओळखाल?

शिरूरच्या आसमीनला वाटलं, त्यात काय, मोजायची. तिची मावशी, महेजबीन खाला, पुण्याच्या प्रयोगशाळेत हेच काम करायची. आसमीनला ते शिकायची घाई होती, कारण तिच्या आजोबांच्या, नानांच्या गळ्याच्या गाठीलाही पुण्यात शेक चालू होता.

रविवारी खालाने कणकेचे गोळे वळून दोन ताटल्यांत मांडले. "समज, हे शेक दिलेले, हे न दिलेले. मोज."

"माझ्या गाठीला कणीक म्हणताय व्हय," नाना खाटेवरून म्हणाले.

अब्बा सणसवाडीच्या कारखान्यातून जुना व्हर्नियर घेऊन आले होते. त्याच्या दोन जबड्यांत गोळा धरला की आकडा दिसायचा. आसमीनने जीभ दाताखाली धरून एकेक गोळा मोजला. मग उड्या मारतच सांगितलं, "शेकवाले लहान आहेत, खाला. सगळेच्या सगळे."

खालाने तिला जवळ ओढलं. "मी सगळे एकाच झाकणानं मापून अगदी सारखे वळले होते गं. कामावर नवीन आलेल्याला आम्ही आधी हेच करायला लावतो."

आसमीनने ताटलीकडे पाहिलं. शेकवाल्या गोळ्यांवर जबड्यांचे खोल वण उमटले होते.

"म्हणजे मी खोटं मोजलं?"

"खोटं नाही. नाना बरे व्हावेत म्हणून हात जरा जास्त दाबला गेला. शिकल्यासवरल्यांचाही दाबतो. पण त्या आकड्यावर विसंबून उद्या कुणी दुसऱ्याच्या नानांना तोच शेक दिला, तर?"

आसमीनचे डोळे भरून आले. शेक लागू पडलाय, हे तिला आजच्या आज हवं होतं.

"आन् समजा, खरंच लहान झाली," नाना म्हणाले, "तरी काय? हरळी वरनं खुरपली की रान साफ दिसतं. मुळी राहिली की पुन्हा हिरवं."

"म्हणून आम्ही नुसता आकार धरत नाही," खाला म्हणाली. "गाठ पुरती गेली का, आणि गेलेली परत उगवली का, हे बरेच दिवस बघत राहतो. आणि बघणाऱ्याला शेक कुणाला दिलाय ते सांगत नाही."

"मग नानांचं कधी कळणार?"

"वाट बघावी लागेल, बेटा. मलाही."

आसमीनने बाहीने नाक पुसलं. सगळे गोळे परातीत एकत्र मळले आणि ती परात नानांच्या मांडीवर नेऊन ठेवली.

"तुम्ही वळा, नाना. काही लहान करा, काही मोठे. शेकवाले कुठले ते मला सांगू नका."

आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.