न गंजलेला भाला

"आला! मातेचा भाला आला!"

बांधावरची चार-पाचशे माणसं एकदम ओरडली आणि माझ्या कडेवरची सुलू दचकून रडायला लागली. बायका मिठागराच्या खाऱ्या चिखलात लोटांगणं घालत होत्या. खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेल्या बाबाजींच्या हातांत वीतभर लांबीचं पातं होतं. मावळतीच्या उन्हात ते कसं लखलखत होतं!

बहात्तर सालची गोष्ट. भाईंदरहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव. बाबाजी कुठूनसे आले आणि देवळात मुक्कामाला राहिले. देवी म्हणे तीनदा स्वप्नात आली. "बच्चा, फिरंग्यांनी चारशे वर्षांपूर्वी माझा भाला इथं गाडला नि वर क्रूस उभारला. भाला काढ, क्रूस उपट."

क्रूस होता खरा, बांधाच्या टोकाला. पालीच्या ख्रिस्ती कोळणी बाजाराला येताना त्याच्यापाशी टोपली टेकवून दम घेत. त्यांच्यातच आमची फिलूमावशी. माझ्या बाळंतपणात, अंगावर दूध यावं म्हणून, रोज सकाळी मुडदुशा मासे घेऊन यायची. पैसे पुढे केले की म्हणायची, "पोरीला दात येवंदे, मंग घेईन."

त्या दिवशी बारा जणांनी सकाळपासून खणलं. त्यांत आमचे हेही होते. काहीच लागेना, तळहातांना फोड आले. दिवस कलला तेव्हा बाबाजी गरजले, "सब ऊपर आओ! आँखें बंद! मातेचं तेज तुम्हांला सोसणार नाही!" सगळे वर आले, सगळ्यांनी डोळे मिटले. बाबाजी एकटे खाली उतरले आणि दोन मिनिटांत भाला वर!

"रविवारी भाला पुढे, तुम्ही मागे," बाबाजींनी हुकूम सोडला. "डरो मत! इस भाले के पीछे चलनेवाले को खरोंच तक नहीं आएगी!"

घरी आल्यावर हे म्हणाले, "मी पहिल्या रांगेत. बाबाजींनी नाव घेऊन सांगितलंय."

"आणि फिलूमावशी क्रूसापुढे उभी राहिली तर?"

"होईल बाजूला."

"नाही झाली तर?"

यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि उठून गेले.

मी शाळेत इतिहास शिकवत होते. पुढचा धडा होता धर्मयुद्धांचा, म्हणून वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. दुपारी सुलू झोपली की चार पानं व्हायची. शुक्रवारी त्यातलं एक पान वाचलं आणि लगेच पुन्हा वाचलं.

सन १०९८. युरोपातून जेरुसलेम जिंकायला निघालेलं ख्रिस्ती सैन्य अँटिऑक शहरात वेढलं गेलं होतं. उपासमारीनं घोडे मारून खायची पाळी आलेली. पीटर बार्थोलोम्यू नावाचा एक गरीब माणूस म्हणाला, संत स्वप्नात आले; येशूच्या कुशीत खुपसलेला भाला इथल्या चर्चमध्ये पुरलाय. दिवसभर खणलं, काही नाही. संध्याकाळी पीटर स्वतः खड्ड्यात उतरला, अनवाणी, नुसत्या सदऱ्यात. भाला वर! एका बिशपला शंका आली, पण पिसाटलेल्या सैन्याला ती कुठली ऐकू येणार? लढाई जिंकली आणि भाला खरा ठरला. पुढच्या वर्षी जेरुसलेम पडलं, तेव्हा तिथले मुसलमान आणि ज्यू बायकापोरांसकट कापले गेले. ते बघायला पीटर नव्हता. भाला खरा आहे हे दाखवायला तो हातात भाला घेऊन आगीतून चालला होता आणि थोड्याच दिवसांत मेला. तरी काही जण म्हणतच राहिले, आगीनं नव्हे, गर्दीनं चेंगरून मेला.

मी हे सगळं मामंजींना वाचून दाखवलं. मामंजी, म्हणजे धर्माजी, यांनी मिठागरात चाळीस वर्षं काढलेली. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "सूनबाय, आपल्या भाल्याला गंज हाय का?"

"नाही. आरशासारखा आहे."

मामंजी असे हसले की सुलू जागी झाली. "अगो, मिठागरात आमी लाकडाची फावडी का वापरतो? हितली माती लोखंड खाती. परदेशी बाबा हाय, त्याला काय ठावं!"

रविवारी सगळे जमले, हातांत काठ्या. मी सुलूला घेऊन पुढे झाले, मागोमाग मामंजी.

"बाबाजी, भाला किती वर्षं मातीत होता?"

"चारसौ साल, बेटी!"

मामंजींनी काखेतलं फडकं सोडलं. आत तांबडं, फुगलेलं, पापुद्रे सुटलेलं काहीतरी. "ह्यो माजा कोयता. तीन वर्सांमागं ह्याच बांधाला हरवला, काल गावला." त्यांनी तो चिमटीत दाबला. कोयत्याचा भुगा वाऱ्यावर उडाला. "तीन वर्सांत ह्यो असा. चारशे वर्सांत तुजा आरसा कसा ऱ्हायला रं?"

कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हटलं, "खड्ड्यात एकटेच उतरलात, भाला अंगावरच नेला असणार. कमरेचा पट्टा सोडा, बाबाजी." ते मागे सरले, पण खणणाऱ्यांतल्या बाबुरावांनी पट्टा ओढलाच. आतून शिवलेली लांबट खोळ, तिला वंगणाचे काळे डाग. डोळे मिटायला लावले ते याच्यासाठी!

"मातेवर शंका! जल जाओगे!" असं ओरडत बाबाजी काशीगावच्या बाजूला पळाले. हायवेवर ट्रक मिळाला म्हणतात.

गोष्ट इथंच संपली असती तर किती बरं झालं असतं. पण तीसेक जण काठ्या घेऊन तरीही गेले. "भाला खोटा असंल, देवी खोटी न्हाय," असं म्हणत गेले. क्रूसाचा एक हात तुटला. फिलूमावशी आडवी आली आणि तिचं कपाळ फुटलं. काठी कुणाची, ते गाव अजून सांगत नाही.

हे गेले नाहीत. खड्ड्याच्या काठावर बसून आपल्या फोड आलेल्या तळहातांकडे बघत राहिले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

फिलूमावशी तीन महिन्यांनी दारात आली. कपाळावर आडवा व्रण. टोपली न उतरवता तिनं विचारलं, "तुजा नवरा त्यात हुता?"

"नव्हता."

तिनं टोपली उतरवली. "पोरीला दात आलं का?"

दोन आले होते. मी पैसे पुढे केले. या वेळी तिनं घेतले, मोजून घेतले. ती पूर्वीची मावशी मला पुन्हा मिळाली नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. देव कुणाचाही असो, त्याच्या नावानं कुणी जमिनीतून काही काढून दाखवलं आणि मग शेजाऱ्याकडे बोट केलं, तर डोळे मिटू नका. एवढंच विचारा, गंज कुठं आहे? आणि काठी उचलायच्या आधी विचारा. आम्ही रविवारी विचारलं. खणायच्या दिवशीच विचारायला हवं होतं.