उडत्या माशाच्या डोळ्याभोवतीच्या चार पट्ट्या

मित्रांनो, माझ्या अंगाला भोके आहेत आणि त्या भोकांमुळेच मी कामाचा आहे. मी कापडावर नक्षी उमटवणारा एक जुना कागदी साचा आहे.

आमच्या बेटावरचे रंगारी क्यूझो यांनी एकोणचाळीस वर्षांपूर्वी मला घडवले. तीन कागद कच्च्या पर्सिमॉन फळाच्या रसाने एकावर एक चिकटवले, धुरात सुकवले आणि मग बारीक सुरीने माझ्या पोटात पंख पसरलेला उडता मासा कोरला. मला ओल्या कापडावर अंथरत, लाकडी पट्टीने माझ्यावरून तांदळाची खळ ओढत आणि मला उचलून कापड निळीत बुडवत. माझ्या भोकांतून उतरलेल्या खळीखाली झाकलेला भाग पांढरा राही, बाकीचा निळा होई. असा पांढरा मासा अंगरख्याच्या पाठीवर घेऊन बेटावरची माणसे उडत्या माशांच्या उत्सवात पालखी उचलत.

माशाच्या पांढऱ्या डोळ्यात एक निळे बुबुळ होते. त्याच्याभोवती चार बारीक निळ्या रेघा उमटत. पोरे म्हणत, मासा आपल्याकडे बघून डोळा चमकवतो. ते ऐकून मला फार बरे वाटे.

पुढे माणसे कमी झाली. जुनेच अंगरखे पुरू लागले आणि मी नऊ वर्षे खणात पडून राहिलो.

या वर्षी उत्सव समितीने ठरवले की अंगरखा, सुक्या माशांचे खोके आणि बोटीचे तिकीट या सर्वांवर एकच नवे चिन्ह हवे. ते काम क्यूझोंच्या नातीला, कानाएला मिळाले. शहरात चिन्हे रेखाटण्याचे शिक्षण घेऊन परतल्यावरचे हे तिचे पहिलेच काम. मासळी वाळवणाऱ्या बायकांच्या प्रमुख शिगेनोकाकू समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "हे बघ पोरी, चिन्ह आधी पाठीवर बसलं पाहिजे, मग खोक्यावर. अंगरखे बेटावरच रंगतात, ते मोडायचं नाही. बारा दिवस आहेत. पाठीवर बसलं नाही, तर चिन्हाचं काम शहरातल्या माणसांना देईन. आत्ताच सांगते, मागून रुसू नकोस."

कानाएने मला खणातून काढले, माझ्यावरून मासा उतरवून घेतला आणि रेघा सरळ करत गेली.

"आजोबा, डोळ्याभोवतीच्या या रेघा चुकून राहिल्यात ना? काटे टोचल्यासारखे दिसतात. काढून टाकते."

"असेल बाई. शिकलेली तू आहेस," क्यूझो म्हणाले आणि खळ ढवळू लागले.

मला खूप वाईट वाटले. तिने नवा मासा कागदावर उतरवला. तो खरोखर देखणा होता. चार दिवस खपून तिने नवा साचा कोरला आणि दोन्ही हातांनी वर उचलला. माशाच्या डोळ्याच्या जागी एक मोठे भोक होते. बुबुळ मेजावरच राहिले होते.

"तुम्हाला माहीत होतं," कानाए म्हणाली.

"होतं."

"मग सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर नुसती मान डोलावली असतीस. आता बघ कशी वाकून शोधते आहेस."

तिने मला खिडकीच्या उजेडात धरले. तेव्हा तिला दिसले की ज्यांना ती रेघा समजत होती, त्या माझ्याच कागदाच्या चार पट्ट्या होत्या, प्रत्येकी दोन मिलिमीटर रुंद. त्यांनीच एकोणचाळीस वर्षे ते बुबुळ धरून ठेवले होते. मग तिने सगळे चित्र नव्याने रेखाटले, त्या चार रेघा थोड्या ठळक केल्या आणि साचा पुन्हा कोरला.

शिगेनोकाकूंनी खोक्याचा नमुना नाकाशी धरला. "अंगरख्यावर समजलं. पण खोक्यावर छापताना काय गळून पडणार आहे? तिथे तरी याचा डोळा धुऊन टाक."

"काकू, मग अंगरख्यावरचा आणि खोक्यावरचा मासा भाऊ-भाऊ वाटतील. मला तो एकच हवा आहे."

काकूंनी आपला जुना, विटलेला अंगरखा काढून आणला आणि खोक्याशेजारी ठेवला. दोन्ही मासे एकसारखे बघत होते. "हे माझ्या नवऱ्याचं पाखरू," त्या हळूच म्हणाल्या. "तो याला पाखरूच म्हणायचा. बरं, राहू दे रेघा. पण साठ अंगरखे वेळेत हवेत हो, म्हाताऱ्या."

"म्हातारं कोण ते उत्सवात धावताना कळेल," क्यूझो म्हणाले.

साठ अंगरखे वेळेत झाले. ते समुद्राकाठी वाळत होते तेव्हा कानाएने मलाही खिडकीत ठेवले होते, म्हणून मी ते पाहिले. आता ती अधूनमधून मला खणातून काढते, ओलसर हवेत थोडा वेळ ठेवते आणि दोन कागदांमध्ये सपाट निजवते. फार सुकलो तर मी तडकतो, हे तिला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुम्हीही पुढे नव्या वस्तू घडवाल. जरूर घडवा, जुन्याला कवटाळून बसू नका. फक्त एखादी जुनी रेघ पुसण्यापूर्वी ती वस्तू एकदा उजेडात धरा आणि ती रेघ काय सांभाळून आहे, एवढे पाहा.