शेजारची सीट

अपघातानंतर तीन वर्षांनी मास्तर पहिल्यांदा मेव्हण्याच्या गॅरेजवर गेले आणि फाटकाशीच घुटमळले. आतून इंजिनाचा आवाज येत होता. तो ओळखीचा होता, म्हणूनच पाय पुढे पडेना.

गाडी सासऱ्यांची. रुंद बोनेट, गोल दिवे, पुढे एकच सलग सीट आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. सासऱ्यांनी तिच्यावरच दोन्ही मुलांना गाडी शिकवली होती. मुलगा पुढे मेकॅनिक झाला, पण चालवण्यात मुलगीच सरस, असं ते चारचौघांत सांगायचे. ही मुलगी म्हणजे मास्तरांची बायको. भाऊ तिला ताई म्हणायचा, त्याच्यामुळे गॅरेजवर सगळेच ताई म्हणायचे. आपणही ताईच म्हणू.

त्या दिवशी दोघं भाचीला वसतिगृहावर सोडून परत येत होती. दुपारची वेळ. ताई म्हणाली होती, "मी घेते आता. तुमचे डोळे जड झालेत." मास्तर म्हणाले होते, "काही नाही गं. तू पड जरा." रस्ता सरळ होता, आणि सरळ रस्त्यावरच त्यांचा डोळा लागला. झाड ताईच्या बाजूला होतं. मास्तरांच्या कपाळाला टाके पडले. ताईची कमरेखालची जाणीव गेली ती गेलीच.

कुणाच्याही हातून होतं असं, लोक म्हणाले. ताई काहीच म्हणाली नाही. नकाशे काढायचं तिचं काम तिने घरी आणलं, टेबल बुटकं करून घेतलं, आणि जेवढ्यास तेवढं बोलू लागली. मेव्हणा भांडला नाही. फक्त त्याने 'दाजी' म्हणायचं सोडलं. 'मास्तर' म्हणू लागला, शाळेचा शिपाई म्हणतो तसं.

"या मास्तर," तो आताही तसंच म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

चेपलेला पत्रा त्याने सुट्टीच्या दिवशी बसून ठोकून ठोकून सरळ केला होता. गाडीनं काय पाप केलंय, असं तो म्हणायचा. बाहेरून गाडी नवरीसारखी दिसत होती. आत मात्र नुसता सांगाडा. दारांची अस्तरं निघालेली, छताचं कापड लोंबणारं, जमिनीचा पत्रा उघडा, आणि सलग सीट भिंतीला टेकवून ठेवलेली. फाटलेल्या रेक्झिनमधून तिच्या स्प्रिंगा बाहेर डोकावत होत्या.

"आतलं काम मला करू दे," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला? पत्रा म्हणजे काय फळा वाटला?"

"करवून घेतो म्हणतोय मी. तिच्यासाठी."

त्यांनी खिशातून कागद काढला. ताईच्या बाजूला वेगळी सीट. ती दाराकडे वळून बाहेर यावी, म्हणजे चाकाच्या खुर्चीतून तिला सरकता येईल. कमरेला आधार, पायांना फळी, धरायला दांडा. मेव्हण्याने कागद नीट पाहिला. मग सलग सीटच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"म्हणजे ही कापायची."

"हो."

"बाबांची आहे ही. कारखान्यातून आली तशीच उभी करायची म्हणून इतके दिवस राबतोय मी." त्याने कागदाची घडी घातली. "ताईसाठी म्हणताय म्हणून. पण सीटपुरतंच. स्टिअरिंग, डॅशबोर्ड, गिअर, कशालाही हात लावायचा नाही. ताईला माहीत आहे?"

"तिला नको सांगूस. एकदम दाखवू."

सीटांचं काम आक्का करायची. गॅरेजच्या मागच्या खोलीत तिचं मशीन होतं, आणि खोलीभर फोमचे तुकडे, चामड्याच्या गुंडाळ्या. साठीची, ठेंगणी, तोंडात कायम सुई धरून बोलणारी बाई. तिने मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाईसाहेबांना कधी आणताय?"

"कशाला?"

"मापाला. तिला खाली कळत नाही ना? मग शिवण नको तिथे आली, फोम कमीजास्त झाला, तर जखम होईल आणि तिला पत्ताही लागणार नाही. बसवून बघायला हवं."

"मी आणून देतो माप," मास्तर म्हणाले.

ताई अंघोळीला गेली की मास्तर टेप काढायचे आणि तिच्या चाकाच्या खुर्चीचं माप घ्यायचे. रुंदी, खोली, पाठीची उंची. खुर्चीत ती बसते, तेव्हा खुर्चीला बरोबर तेच तिलाही बरोबर, असा त्यांचा हिशेब. आक्काला हे पटलं नव्हतं, पण गिऱ्हाईकाशी किती वाद घालायचा? तिने सीट बांधली.

त्या दिवसांत मास्तर बदलले. शाळा सुटली की तडक गॅरेजवर. चामडं ताईच्या आवडीचं, गडद हिरवं. छताला फिकट सायीच्या रंगाचं कापड. दारात नकाशे ठेवायला लांबट खण. मान टेकेल तिथे मऊ उशी. प्रत्येक नवी गोष्ट बसली की मास्तर तिच्यावरून हात फिरवून बघायचे, आणि घरी जाताना गुणगुणायचे. ताईने एकदा विचारलंही, "कसला आनंद झालाय?" ते म्हणाले, "काही नाही." ती दुसरीकडे बघू लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा आपल्याला आनंद झालेला पाहून तिला काय वाटलं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

दाखवायचा दिवस सुट्टीचा ठरला. ताईला सांगितलं, भावाने बोलावलंय. गॅरेजच्या मधोमध गाडी उभी होती, दारं उघडी, नव्या चामड्याचा वास. ताई बघतच राहिली. मग पुढे झाली आणि बोनेटवर तळहात ठेवला.

"बाबांची," ती म्हणाली. भावाला भरून आलं.

"आत बघ, आत," मास्तर लगबगीने म्हणाले. सीट वळवून त्यांनी बाहेर आणली. फळी लावली, तिला काखेतून धरलं, सरकवलं. सीट आत वळली, खटकन बसली. त्यांनी दार लावलं, वळसा घालून आले आणि स्टिअरिंगवर बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. ताईची मान ताठ झाली. समोर तीच काच, तेच रुंद बोनेट, आणि कडेला स्टिअरिंगवर तेच हात.

"बंद करा."

"थांब गं, जरा फाटकापर्यंत..."

"बंद करा! मला बाहेर काढा!"

ती दारावर मुठी मारू लागली. मास्तर घाबरून चावी शोधू लागले, आणि चावी तर समोरच होती. भाऊ धावत आला, दार उघडलं, सीट वळवली. तिला खुर्चीत बसवलं तेव्हा ती पळत आल्यासारखी धापा टाकत होती. आक्काने पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "माप कुणाचं घेतलं?"

आक्काने मास्तरांकडे पाहिलं.

"तुझ्या खुर्चीचं," मास्तर म्हणाले.

"खुर्चीचं." ताईने मान हलवली. मग भावाला म्हणाली, "मला घरी सोड."

ती गेल्यावर मास्तर हिरव्या सीटकडे बघत उभे राहिले. "कुठे चुकलं?" त्यांनी आक्काला विचारलं. आक्का चामड्याचे तुकडे गोळा करत होती. ती म्हणाली, "शिवण कुठे चुकली ते मी सांगेन हो. हे तुम्ही घरी जाऊन विचारा."

त्यानंतर घरात अबोला होता. एका संध्याकाळी मास्तर भाजी चिरत होते. ताई दारात खुर्ची थांबवून म्हणाली, "विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं?"

"नको म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाही."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली.

"त्या दिवशी मी घेते म्हटलं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "तुम्ही म्हणालात, तू पड जरा. मी पडले. आता तुम्ही तीच जागा हिरवं चामडं लावून तयार केलीत. मान टेकायला उशी दिलीत. पड जरा."

मास्तर तिच्याकडे वळले. "मग काय करू मी? विकून टाकू गाडी?"

"गाडीवर माझा राग नाही."

तिने खुर्ची वळवली आणि आपल्या टेबलाशी गेली. मास्तर चिरलेल्या भाजीसमोर अंधार पडेपर्यंत बसून राहिले. आजवर त्यांनी स्वतःला रोज शिक्षा केली होती, पण तिच्या तोंडून तो दिवस कधी ऐकून घेतला नव्हता. ती बोलायला लागली की ते चहा करायला उठायचे.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत असताना ताईने टॅक्सी बोलावली आणि एकटी गॅरेजवर गेली. भाऊ गाडीखाली होता.

"बाहेर ये," ती म्हणाली. "ही सीट स्टिअरिंगच्या बाजूला बसेल?"

भाऊ तसाच उताणा बघत राहिला.

"हाताने चालवायच्या गाड्या असतात. दांडा ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. मी माहिती काढलीये. आपोआप बदलणारा गिअरबॉक्स लागेल."

"ताई, म्हणजे बाबांचा गिअरबॉक्स काढायचा? स्टिअरिंग फोडायचं? अगं, मग हिच्यात मूळचं राहिलं काय?"

"माझ्यात मूळचं काय राहिलंय?"

तो उठून बसला. हात पुसत राहिला, पुसून झाले तरी. शेवटी म्हणाला, "गिअरबॉक्सचं सोड. तुला पुन्हा काही झालं तर? त्या दिवशी फोन आल्यावर कटर घेऊन मीच आलो होतो, मी तुला पत्र्यातून काढलंय. तू नव्हतीस शुद्धीवर. मी होतो."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ताई खुर्ची त्याच्याजवळ घेऊन गेली. त्याने डोळे पुसले. आक्का टेप घेऊन दारात आली होती. ती थोडी थांबली आणि मग म्हणाली, "मला वेळ नाही बाई तुमच्या रडारडीला. इकडे ये, कापडाच्या ढिगावर बस. या खेपेला माणसाचं माप घेते."

काम पुन्हा सुरू झालं. हिरवं चामडं उसवलं गेलं. कमरेखाली शिवण येऊ नये म्हणून आक्काने अखंड तुकडा घेतला आणि फोमचे थर ताईला बसवून, उठवून, पुन्हा बसवून बदलले. दारातला खण ताईने काढायला लावला; कोपर लागत होतं. मान टेकायची उशी तिने स्वतःच्या हाताने फाडली. सलग सीटचा उरलेला भाग शेजारी बसवला, जुन्या स्प्रिंगांसकट.

मास्तरांना हे मेव्हण्याकडून कळलं. ते म्हणाले, "मला नाही बघवणार." आणि खरंच गेले नाहीत. ताई सकाळी जायची, ग्रीसचा वास घेऊन परत यायची, आणि जेवताना भावाच्या चुका सांगायची. मास्तर मान खाली घालून जेवायचे. तिला हाताने चालवायच्या गाडीचा शिकाऊ परवाना मिळाला त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले.

गॅरेजमागच्या मोकळ्या पटांगणात ती आधी भावाबरोबर शिकली. हात दांड्याला सरावले. मग एका सकाळी ती मास्तरांना म्हणाली, "आज तुम्ही चला."

"मी काय करू तिथे?"

"बसा."

शेजारच्या सीटवर मास्तर बसले. स्प्रिंग टोचत होती. ताईने गाडी काढली, पटांगणाला वळसा घातला, दुसरा घातला. तिसऱ्या वेळी वळण मोठं झालं आणि गाडी टायरांच्या ढिगावर जाऊन धडकली. धक्का फारसा नव्हता. पण मास्तरांच्या तोंडून असा आवाज निघाला की पलीकडून मेव्हणा पळत निघाला. ताईने हात वर करून त्याला थांबवलं.

मास्तर दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले होते. घामाने शर्ट चिकटला होता.

"असंच वाटतं तिथे बसल्यावर," ताई म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. "मला झोप लागली," ते म्हणाले. "तू सांगितलं होतंस, आणि तरी मी..."

"हो."

"तू मला माफ..."

"नाही," ताई म्हणाली. "अजून नाही. होईल की नाही, तेही ठाऊक नाही. पण घरात बसून राग धरायचा मला कंटाळा आलाय. इथे बसून धरते."

तिने गाडी मागे घेतली. ढिगातला एक टायर गडगडत गेला आणि आडवा पडला. मेव्हणा तिकडून ओरडला, "रंग, ताई, रंग!" ती हसली. मास्तरांना हसता आलं नाही, पण डॅशबोर्डवरचा एक हात त्यांनी काढला.

पटांगणाचं फाटक उघडं होतं. ताईने गाडी हळूहळू तिथवर आणली आणि थांबवली. बाहेर रस्त्याची सकाळची वर्दळ होती.

"माझ्या बाजूचं मला दिसतंय," ती म्हणाली. "तुमच्या बाजूचं दिसत नाही. बघा, काही येतंय का?"

मास्तर खिडकीतून वाकले. भाजीची हातगाडी आली, मागे एक सायकल, मग शाळेची बस.

"थांब," ते म्हणाले.

ती थांबली. बस गेली.

"आता?"

त्यांनी पुन्हा नीट पाहिलं, मग आणखी एकदा.

"आता घे," ते म्हणाले.