थंड देशातले पत्रे

लातुरात राघवेंद्र सरांचं नाव माहीत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. फिजिक्सचा क्लास, एका बॅचला तीनशे पोरं, आणि निकाल लागला की चौकाचौकात हसऱ्या चेहऱ्यांचे फलक. मी त्याला राघ्या म्हणतो. चारचौघांत म्हणतो, मुद्दाम मोठ्यानं म्हणतो. माझी बायको शिवकांता दरवेळी कोपर मारते, "सर म्हणा की वो. लोक ऐकून राहिलेत." लोकांनी ऐकावं म्हणूनच तर म्हणतो.

मी माउली मिस्त्री. औसा रोडला माझं इंजिनकामाचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, डिझेल पंप, काय म्हणाल ते उघडून देतो.

पण ब्याण्णव साली राघ्या आणि मी बी.एस्सी.ला एका बाकावर होतो. पहिल्या वर्षी मी पहिला आलो आणि राघ्या चौथा. हे मी अजून सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी सांगतो. दुसऱ्या वर्षी भूकंप झाला. औसा तालुक्यातलं आमचं गाव भुईसपाट झालं, थोरला भाऊ गेला, वडिलांचा पाय गेला. कमावणारं कुणी उरलं नाही म्हणून मी कॉलेज सोडलं आणि एका गॅरेजात पाने पुसायला लागलो. राघ्याच्या लातुरातल्या घराच्या भिंतीला एक तडा गेला होता. दिवाळीच्या आत त्यांनी तो सिमेंटनं बुजवला. पुढं तो एम.एस्सी. झाला, त्यानं क्लास काढला, आणि बघता बघता गावोगावची पोरं ट्रंका घेऊन त्याच्या दारात उभी राहायला लागली. भूकंपात त्याचा काही दोष नाही, हे मला कळतं. पण कळलं म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, माझा शब्द. इंजिनाबद्दल माउलीनं सांगितलं की दुसऱ्याला विचारायची गरज नाही, असं लोह्यापासून औशापर्यंतचे लोक म्हणायचे. राघ्याकडं बाकी सगळं होतं, हे एक नव्हतं. त्यावर माझं भागत होतं.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात राघ्यानं तेही करायला घेतलं.

नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला एक म्हातारे डॉक्टर होते. जर्मनीत शिकून आलेले, येताना बोटीतून एक पोर्शे घेऊन आलेले. ती गाडी तीस वर्षं शेडमध्ये गोणपाटाखाली पडून होती. राघ्यानं ती घेतली. मला वाटलं, आता ही माझ्या गॅरेजला येणार. मी एक कोपरा झाडून ठेवला. शिवकांतालाही सांगून टाकलं.

गाडी गेली त्याच्या बंगल्यावर. "माउली, इंजिन मी स्वतः बांधणार हाय," तो म्हणाला. "घरीच. तू फक्त दर रविवारी येऊन बघत जा."

बघत जा! मी चौदा वर्षं करून राहिलो, अन् हा आता हौस म्हणून करणार, आणि मी बघायचं. अंगाचा तिळपापड झाला. तरी गेलो. खरं सांगतो, तो कुठं चुकतो ते बघायलाच गेलो.

तो चुकत नव्हता. हेच तर दुखणं होतं. या गाडीचं इंजिन पाठीमागं असतं आणि ते पाण्यानं नाही, वाऱ्यानं थंड होतं. रेडिएटरच नाही. एक मोठा पंखा, आणि सिलिंडरभोवती पातळ पातळ पाकळ्या, त्यातून वारा गेला की उष्णता निघून जाते. राघ्यानं ते सगळं दिवाणखान्यात टेबलावर उघडून मांडलं होतं. पोरांच्या मेसमधले जुने स्टीलचे डबे आणले होते आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: "डावा एक, वरचे नट." चारही पिस्टन त्यानं सोनाराच्या काट्यावर तोलले आणि ग्रॅमात जुळवले. मी जन्मात पिस्टन तोलला नाही. शेजारी कंपनीचं जाड पुस्तक, त्यात पेन्सिलीच्या खुणा. त्याची बायको सौदामिनी मला चहा देताना म्हणाली, "भाऊजी, बघा ना, ह्यांचे हात कसे काळे झालेत." कौतुकानं म्हणाली. शिवकांता मला तसल्याच हातांसाठी वेगळा साबण देते, अन् वर बोलते.

एका रविवारी पेपरचा बातमीदार आला. काळ्या हातांसकट राघ्याचा फोटो छापून आला, "सरांचा आगळा छंद." मी फोटोत होतो. म्हणजे माझा कोपर होता.

आणि तरी तो प्रत्येक गोष्ट मला विचारायचा. "माउली, हे बेअरिंग चालंल का?" मी चालंल म्हटलं की बसवायचा. नाही म्हटलं की बाजूला. एवढा शिकलेला माणूस माझ्या तोंडाकडं बघतो, यानं बरं वाटायला पाहिजे होतं. मला वाटायचं, हा मला बरं वाटावं म्हणून विचारतोय. त्यानं तर मी अजूनच जळायचो.

एप्रिलमध्ये हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बसवायची वेळ आली. शेवटच्या डब्यात चार वाकडे पत्रे होते, तळहाताएवढे, गंजलेले. राघ्यानं ते उचलले. "हे सिलिंडरच्या खाली बसतात. हेड बसलं की मग घालता येत न्हाईत. लावू का? आपल्याकडं त्रेचाळीस डिग्री. पत्रा लावून गरमी कोंडायची न्हाई का?"

मला उत्तर माहीत होतं. स्कूटर उघडणाऱ्या कुठल्याही पोराला माहीत असतं. पंख्याचा वारा आळशी असतो, मोकळी वाट दिसली की तिकडूनच निघून जातो. पत्रा त्याला दाबून पाकळ्यांतून जायला लावतो. पत्रा काढला की सिलिंडरची खालची बाजू भाजून निघणार.

पण आमच्याकडं मिस्त्री लोकांची एक जुनी रीत आहे. नवी जीप आली की तिचा थर्मोस्टॅट आम्ही काढून फेकतो. म्हणतो, हे थंड देशातलं खूळ आहे, तिकडं बर्फ पडतो, इंजिन लवकर तापावं म्हणून ते बसवतात, आपल्या लातुरात त्याचं काय काम? मालक खूश होतो. ते वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं.

"राहू दे रे," मी म्हणालो. "हे थंड देशातले पत्रे हायेत. आपल्याकडं हवा खेळती पाहिजे."

"नक्की?"

"माउली सांगून राहिला न्हाई का तुला?"

राघ्यानं पत्रे डब्यात ठेवले आणि डबा टेबलाखाली सरकवला. दुपारपर्यंत हेड बसलं. मी भजी खाल्ली. भजी चांगली झाली होती आणि मला एकही गोड लागलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मी रोज ठरवायचो की सांगून टाकू. म्हणू, चुकलं, पुन्हा उघड. पण एकदा पेपरात त्याचा फोटो यायचा, एकदा नव्या बॅचचा फलक दिसायचा, आणि सांगायचं राहून जायचं. शिवकांता एका सकाळी म्हणाली, "सरांची गाडी सुरू झाली की आपल्यालाबी एक चक्कर मारायला सांगा की." मी ताट सरकवून उठलो. ती म्हणाली, "ह्यांना काय झालंय कोण जाणे!"

मेच्या पहिल्या रविवारी सकाळी इंजिन सुरू झालं. सौदामिनीनं नारळ फोडला. क्लासची पोरं फाटकावर चढून बसली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. काय आवाज होता! मी शेकडो इंजिनं ऐकली, पण असा एकसारखा, भरीव आवाज मी बांधलेल्या एकाही इंजिनाचा नाही. राघ्या म्हणाला, "बस माउली, पहिली चक्कर तुझ्यासंगं. औशापर्यंत जाऊन येऊ."

मी बसलो. औशाचा रस्ता तापून पांढरा पडला होता. दोन पोरं मोटारसायकलवर मागं लागली, तसा राघ्यानं हसत गाडी पळवली. तेलाच्या तापमानाचा काटा मी बघत होतो, तो बघत नव्हता. काटा वर चढत होता. हळू घे, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मी म्हणालो नाही. मनात म्हटलं, बंद पडू दे, एकदाच पडू दे, सगळ्या लातुराला कळू दे की पुस्तक वाचून मिस्त्री होता येत नाही.

औसा चार किलोमीटरवर असताना मागून कर्रर्र आवाज झाला आणि चाकं अडखळली. गाडी कडेला लिंबाखाली जाऊन थांबली. जळक्या तेलाचा वास सुटला.

लगेच माणसं जमली. जवळच्या शेतातल्या मंजुळाबाई कळशी घेऊन धावत आल्या. "पाणी संपलं जणू! कुटं वतू?" राघ्यानं त्यांना सांगितलं की मावशी, या गाडीत पाणी नसतं. त्यांचा विश्वास बसेना. "बिनपाण्याची गाडी उन्हात आणली? एवढे शिकलेले दिसताव!" लोक हसले. शेवटी त्या कळशीतलं पाणी आम्ही दोघं प्यायलो.

माणसं पांगली. राघ्या लिंबाच्या सावलीत खाली बसला. मला वाटलं, आता तो मला शिव्या देईल, मग मी पण देईन, मग चौदा वर्षांचं सगळं बाहेर पडेल. मी तयारीत होतो.

"खालचे पत्रे," तो म्हणाला. "पुस्तकात चौकटीत लिहिलंय, ते लावल्याशिवाय इंजिन चालवू नका म्हणून. ठळक अक्षरात हाय. मी वाचलं होतं."

"कधी?"

"तुला विचारायच्या आदल्या दिवशी."

"मग मला कशाला विचारलं?"

"तू काय म्हणतोस ते पाहिजे होतं. तू राहू दे म्हणालास, मला वाटलं पुस्तक तिकडच्या हवेचं असंल, माउलीला इथलं माहीत." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "चूक माझीच हाय. आता तू मनाला लावून घेऊ नको."

मनाला लावून घेऊ नको! मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या कपाळावर तेलाचा डाग होता आणि खरोखर त्याला माझीच काळजी वाटत होती. एवढं मोठं मन तरी माझ्या वाट्याला यायला हवं होतं, पण तेही त्याच्याकडंच. मला त्याचा त्या क्षणीही हेवा वाटला, आणि स्वतःची इतकी किळस आली की तोंड बंद ठेवणं जमलं नाही.

"मला माहीत होतं, राघ्या. इंजिन जाईल हे मला माहीत होतं. जावं म्हणूनच सांगितलं."

एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसली.

"का?" त्यानं विचारलं.

"तू चौथा आला होतास," मी म्हणालो. याहून नीट सांगता आलं नाही.

त्यानं मान हलवली, कळलं म्हणून की नको म्हणून, ते मला समजलं नाही. मग गाडी ओढून न्यायला ट्रॅक्टर बघायला आम्ही औशाकडं चालत निघालो.

त्यानं कुणालाही सांगितलं नाही. सौदामिनीलाही नाही, ती अजून मला भाऊजी म्हणते. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, "रविवारी ये. पुन्हा बांधायचं हाय." मी गेलो. इंजिन उघडलं होतं. तिसरा पिस्टन ओरखडून गेला होता, नवीन मागवला होता. डबे तसेच, चिठ्ठ्या तशाच. चहाही तसाच आला.

तो पिस्टनवर रिंगा चढवत होता. त्यानं विचारलं, "माउली, रिंगांची तोंडं कशी ठेवायची?"

रिंगेला एका जागी फट असते, तिला आम्ही तोंड म्हणतो; ते कुठं ठेवायचं हे कुठल्याही गॅरेजातलं पहिल्या दिवसाचं शिक्षण आहे. "एका रेषेत येऊ द्यायची न्हाईत," मी म्हणालो. "एक इकडं, एक तिकडं."

राघ्यानं मान डोलावली. मग फडक्याला हात पुसले, पुस्तक जवळ ओढलं, पान शोधलं आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. आजवर मी राघ्यावर जळलो, त्याच्या बंगल्यावर, फलकांवर, त्याच्या नशिबावर. त्या दिवशी मी त्या पुस्तकावर जळलो.

"बरोबर हाय," तो म्हणाला, आणि त्यानं रिंग चढवली.