हिरव्या रंगाखालचा लेथ

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे, लोखंड गरगर फिरवून कातणारे यंत्र. मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच वाटते; तरी सांगतो.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. देशाला कारागीर हवेत असे सरकारने ठरवले आणि मला रायपूरच्या एका प्रशिक्षण संस्थेत आणले. मुले दिवसभर माझ्यावर काम करीत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात किंवा रेल्वेत नोकरी लागली की पेढे वाटत आणि मलाही टिळा लावत.

पुढे रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले. नवी धोरणे आली, थोड्या महिन्यांचे अभ्यासक्रम आले आणि वरचेवर पाहण्या होऊ लागल्या. एका पाहणीसाठी मला हिरवा रंग फासला. ज्या पट्ट्यांवरून माझे हत्यार सरकते, त्यांनाही सोडले नाही. हत्यार जागीच चिकटले. वर ताडपत्री पडली.

त्याच वर्षी जवळच्या बीरगांवची सुनीती टर्नरचे, म्हणजे लेथवर कातण्याचे, काम शिकायला आली. तिचे वडील उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये भाजून घरी बसले होते. आता घर तिलाच चालवायचे होते. वर्गातली मुले चिडवत, "दीदी, इस पे आटा पीसोगी क्या?" ती म्हणे, "हव, पहले तुमको पीसूंगी."

शिकवणाऱ्या गंगाधर सरांच्या ती मागेच लागली होती. "सर, मले एकदा तरी चालवू द्या."

"काहून घाई करून राहिली? रंग खरवडला तर मलेच बोलणी बसतील. पाहणी होऊ दे."

एक पाहणी झाली की दुसरी ठरे. सर फळ्यावर माझे चित्र काढून शिकवत. लोखंड धरणारा जबडा चावीने आवळायचा आणि यंत्र सुरू करण्याआधी चावी काढायची, हे सुनीतीने पाठ केले. ती परीक्षेत पहिली आली. पाहुण्यांनी तिला माझ्याशेजारी उभे करून फोटो काढला.

उरल्याच्या कारखान्यात तिला नोकरी लागली. पहिल्याच दिवशी, घाईत, चावी जबड्यातच राहिली. यंत्र सुरू होताच ती उडून सुनीतीच्या डोळ्यावर बसली. डोळा गेला, नोकरीही गेली.

तिचे वडील संस्थेत आले, तेव्हा हे मला कळले. गंगाधर सर पुटपुटले, "पण तिले येत होतं. पेपरात बरोबर लिहिलं होतं तिनं."

"अन् केलं कधी होतं, सर?" वडिलांनी विचारले.



मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणणार नाही. जपणूक फार झाली. हा रंग खरवडून काढा आणि मला चालवा. चुकायचे तर इथे चुका, सर शेजारी उभे असताना.